सायकल उघडून पाहणारा मास्तर : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

ह्या वर्षीच्या अंकासाठी चरित्रलेख कोणावर लिहावा ह्या विचारात आम्ही असता त्याचे उत्तर आम्हांस शाळेच्या फाटकापाशी, झाडाच्या सावलीत सापडले. पावसाळा नुकताच सरला होता. आमचा एक जुना विद्यार्थी, जो सध्या चाकणच्या एका कारखान्यात कामास आहे, आपली शर्यतीची सायकल उलटी ठेवून तिच्या मागील चाकापाशी बसला होता. चिंचवडहून निघून, मोशीपाशी इंद्रायणी ओलांडून तो कामावर सायकलीने जातो आणि सुटीच्या दिवशी लोणावळ्यापर्यंत मजल मारून येतो. धाकट्या भावास न्यावयास तो आला होता. भाऊ यावयास अवकाश होता, म्हणून त्याने हत्यारे बाहेर काढली होती.

त्या सायकलीस गिअर होते, परंतु गिअर ओढणारी तार कोठे दिसेना. आम्ही चौकशी केली तेव्हा त्याने मोठ्या आस्थेने सर्व रचना समजावून दिली. जुन्या पद्धतीत हँडलवरील खटका दाबला म्हणजे तार ठरावीक अंतर ओढली जाते आणि त्या ओढीने मागचा डिरेलर साखळीस एका दातेरी चक्रावरून शेजारच्या चक्रावर ढकलतो. तार किती ओढावयाची आणि त्या ओढीने डिरेलर किती सरकावयाचा, ह्याचे प्रमाण प्रत्येक कारखानदाराचे निराळे असते. म्हणून एकाचा खटका व दुसऱ्याचा डिरेलर ह्यांचे बहुधा जमत नाही. नव्या बिनतारी पद्धतीत खटक्यात नाण्याएवढी बॅटरी असते. खटका दाबताच त्यातून रेडिओलहरींचा संदेश सुटतो. डिरेलरमधील लहानशी मोटर तो ऐकते आणि आपल्या स्मरणात साठविलेले पाऊल नेमके टाकते. ही कल्पना अगदी कालपरवाची नव्हे. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ साली बिनतारी गिअर बाजारात आणले होते. पुढे जपानच्या शिमानोने २००९ साली विजेवर चालणारे, पण तारेने जोडलेले गिअर रस्त्यावरील शर्यतीसाठी काढले, आणि अमेरिकेच्या स्रॅम कंपनीचे पूर्णपणे बिनतारी गिअर २०१५ साली आले.

आमच्या ह्या विद्यार्थ्याने सर्व संच नवा घेतला नव्हता. तेवढे द्रव्य त्याच्यापाशी नव्हते. खटके व डिरेलर त्याने एका कंपनीचे घेतले, पुढची दातेरी चक्रे व पेडलाचे दांडे जुने ठेवले, ब्रेक तिसऱ्याच कंपनीचे होते आणि चाके चौथ्याची. हे सर्व जमले होते, एका गोष्टीखेरीज. साखळी लहान चक्रांवर शांतपणे चाले. परंतु मोठ्या चक्रांकडे जाऊ लागली की कुरकुर करी आणि अधूनमधून घसरे. दुकानात त्यास डिरेलर सदोष आहे, नवा घे, असे सांगण्यात आले होते. त्याने नवा घेतला नाही. त्याने मोजमाप केले. डिरेलर ज्या चौकटीच्या कानावर बसतो तो कान, म्हणजे हँगर, किंचित वाकला होता. तो त्याने सरळ केला. तरी दोष राहिला. मग त्याच्या ध्यानात आले की डिरेलरचे पाऊल बारा चक्रांच्या हिशेबाने ठरलेले आहे आणि मागच्या चाकावरील कॅसेट मात्र अकरा चक्रांची आहे. अकरा चक्रांच्या कॅसेटमधील अंतर बारांच्या कॅसेटहून किंचित अधिक. पहिल्या दोनतीन पावलांत ती चूक दिसत नाही. पुढे ती साठत जाते. त्याने बारा चक्रांची कॅसेट आणि तीस जुळणारी साखळी आणली. जुन्या चाकाच्या खाचांत बसावी म्हणून सर्वांत लहान चक्र अकरा दातांचे असलेली कॅसेट शोधून काढली, कारण दहा दातांच्या चक्राची कॅसेट त्या जुन्या फ्रीहबवर बसली नसती. ती आता तो चढवीत होता. थोड्याच वेळात त्याने पेडल हाताने फिरविले, खटका एकामागून एक दाबला, आणि साखळी बाराही पायऱ्या निमूटपणे चढली व उतरली.

त्या क्षणी आम्हांस आनंद झाला आणि त्याबरोबरच लाजही वाटली. लाज का वाटली ते लेखाच्या अखेरीस सांगू. तूर्त एवढेच की, सायकल उघडून पाहणाऱ्या त्या तरुणाकडे पाहताना आम्हांस सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका सायकलवेड्या मनुष्याची आठवण झाली. तोही आमच्यासारखा मास्तर होता. त्यांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदांताचे व्यासंगी, विद्वान गृहस्थ होते. अशा घरातील मुलाने पोथी हाती घ्यावी, अथवा इंग्रजी शिकून सरकारी नोकरी पत्करावी, ही त्या काळची रीत होती. लक्ष्मणांचे चित्त मात्र दोन्हींकडे लागेना. त्यांस चित्रे काढण्याचा नाद आणि यंत्रांचे विलक्षण कुतूहल. वडिलांच्या मनाविरुद्ध ते चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. ह्या धाडसात त्यांस थोरले बंधू रामूअण्णा ह्यांचा पाठिंबा होता. घरातील एका मनुष्याने जरी विश्वास टाकला तरी मुलाचे आयुष्य कसे मार्गी लागते, ह्याचे हे पहिले उदाहरण.

मुंबईस दोन वर्षे काढल्यावर एक दुर्दैवी गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांस काही रंगांतील भेद कळत नसे. चित्रकाराच्या दृष्टीने हे व्यंग म्हणजे मार्गच खुंटल्यासारखे होते. दुसरा एखादा हताश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र असा हिशेब केला की, रंग गेले तरी रेषा आपल्या हाती आहे. त्यांनी रंगचित्रण सोडले व यांत्रिक आलेखन, म्हणजे यंत्रांची मोजमापाबरहुकूम चित्रे काढण्याची विद्या, पक्की केली. डोळ्यांतील दोष त्यांस यंत्रविद्येच्या दारी घेऊन आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली होती. तेथे लक्ष्मणरावांस यांत्रिक आलेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून जागा मिळाली. यंत्रशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मोकळा वेळ मिळाला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात, यंत्रे चालताना न्याहाळीत, हाताने काम करून पाहात. फळ्यावर जी आकृती काढावयाची ती वस्तू आधी हाताळून पाहावी, हा त्यांचा परिपाठ होता. आम्हां शिक्षकवर्गाने ही गोष्ट विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे.

त्याच सुमारास सायकल हे नवल मुंबईत दिसू लागले होते. विलायतेत १८८५ साली जॉन केंप स्टार्ली ह्यांनी दोन सारख्या चाकांची, मागचे चाक साखळीने फिरविणारी रोव्हर सायकल काढली, आणि १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवेची धाव तयार केली. ह्या दोन शोधांनी सायकल सामान्य मनुष्याच्या आटोक्यात आली. मुंबईच्या रस्त्यावर दोन चाकांवर तोल सांभाळीत जाणारा मनुष्य पाहून लक्ष्मणरावांस तिचा मोह पडला. त्यांनी व रामूअण्णांनी मिळून सायकलींचा धंदा आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईस सायकली खरेदी करून बेळगावास धाडीत आणि रामूअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपल्या जन्माचे वर्ष १८८८ मानतो, ते ह्या दुकानावरून. एका सायकलीची किंमत त्या दिवसांत साध्या शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाएवढी होती. शिवाय गिऱ्हाइकाने सायकल घेतली तरी ती चालवावयास त्यास येत नसे. म्हणून विक्रीबरोबर शिकवणीही चालली, आणि रामूअण्णा फी घेऊन लोकांस सायकल शिकवू लागले. बेळगावात जेथे हे दुकान होते तो रस्ता आज किर्लोस्कर रोड ह्या नावाने ओळखला जातो.

येथे आमच्या तरुण वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या सायकलींस गिअर नव्हते. चढ आला तर पायांत बळ आणावे, नाही तर उतरून ढकलीत न्यावी, हाच उपाय. गिअर बदलण्याचा खटाटोप पुढे युरोपात झाला. फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही, जे वेलोसिओ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिअरचा कैवार घेतला तेव्हा शर्यतवाल्यांनी त्यांची थट्टा केली. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असा त्यांचा समज होता. टूर द फ्रान्स ह्या जगप्रसिद्ध शर्यतीत सर्व स्पर्धकांस डिरेलर वापरण्याची मोकळीक मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. नवी वस्तू कितीही उपयोगी असली तरी लोक तिला आधी हसतात आणि मग हळूहळू स्वीकारतात. लक्ष्मणरावांसही ह्याचा अनुभव पुढे नांगराच्या बाबतीत यावयाचा होता.

१८९७ साल त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारे ठरले. संस्थेत वरची जागा रिकामी झाली असता ती योग्यतेने त्यांच्याकडे यावयास हवी होती; ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास आले. पगाराची शाश्वती गेली, संसार अंगावर होता, आणि हाती होते ते केवळ सायकलींचे दुकान व त्यास जोडलेली लहानशी दुरुस्तीशाळा. विकणाऱ्यास वस्तूचे बाह्यांग माहीत असते. दुरुस्त करणाऱ्यास तिचे अंतरंग कळते. परदेशांहून आलेले यंत्र बिघडले आणि त्याचा सुटा भाग मिळेना, तर तो येथेच घडविल्यावाचून गत्यंतर नसते. दुकानदाराचा कारखानदार होतो तो ह्याच वाटेने.

लक्ष्मणरावांची दृष्टी लवकरच सायकलीवरून शेतकऱ्याकडे वळली. सायकल हे शहरातील सुस्थितीतील मनुष्याचे वाहन होते. देश मात्र शेतीवर जगत होता. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि त्यामागून लोखंडी नांगर. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाई. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथीत असे. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! विद्यार्थिमित्रहो, परीक्षेचा निकाल दोन महिने लांबला तरी आपला जीव कासावीस होतो. तयार केलेली वस्तू डोळ्यांसमोर पडून आहे, ती चांगली आहे ह्याची खात्री आहे, आणि घेणारा कोणी नाही, अशा स्थितीत दोन वर्षे काढणे म्हणजे काय ह्याची कल्पना करून पाहावी.

लोखंडी नांगराचा फाळ मातीत झिजतो. झिजलेला फाळ बदलावा लागतो, आणि नवा फाळ जुन्या नांगरास बरोबर बसला पाहिजे. नाही तर शेतकऱ्यास सबंध नांगर टाकून द्यावा लागेल. हातकारागीर प्रत्येक वस्तू निराळी घडवितो. कारखान्यास शंभर वस्तू एकाच मापाच्या घडवाव्या लागतात. यांत्रिक आलेखन शिकविलेल्या मास्तरांस ह्या मापाचे महत्त्व कोणी सांगावयास नको होते.

धंदा जरा मूळ धरू लागला तोच नवे संकट आले. बेळगावात नवी वस्ती वसविण्याच्या योजनेत त्यांच्या कारखान्याची जागा गेली आणि ती रिकामी करण्याची पाळी आली. ह्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावले. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि पुढे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्धी पावले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांस देऊ केली व दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेले ओसाड माळरान ते! नागसापांचा तेथे सुळसुळाट होता आणि पाण्याचे दुर्भिक्ष. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती गाव वसविला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्टेशनासही तेच नाव मिळाले.

आता आम्ही ह्या चरित्रातील ज्या भागाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो तो येतो. लक्ष्मणरावांबरोबर त्या माळावर कोण होते? शिकलेले इंजिनिअर नव्हते. त्यांस ठेवण्याइतके द्रव्य नव्हते आणि तसे लोक त्या रानात आलेही नसते. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले व कारभाराचा भार वाहू लागले. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले तरुण. परीक्षेच्या मापाने पाहिले तर टाकाऊ. लक्ष्मणरावांच्या हाताखाली तेच पुढे कल्पक यंत्ररचनाकार झाले. एवढेच नव्हे, तर तुरुंगवास भोगून आलेल्या दोघांस लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीचे काम दिले. ज्यांच्यापासून लोक आपले घर राखतात त्यांच्याच हाती त्यांनी घर सोपविले. वसाहतीत अस्पृश्यतेस थारा नसावा असाही त्यांचा कटाक्ष होता, आणि ही गोष्ट १९१० च्या सुमाराची आहे हे विसरता कामा नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या सायकलीवर चार कंपन्यांचे भाग होते. किर्लोस्करवाडीच्या माळावर त्याहून कितीतरी निरनिराळ्या घडणीची माणसे होती. कोणते माप कोणत्या खाचेत बसेल हे पाहणारा मनुष्य तेथे होता, म्हणून ती माणसे एकत्र चालली. दोष दिसला म्हणजे भाग फेकून देणारे पुष्कळ भेटतात. दोष भागात आहे की तो बसविण्यात आहे, हे मोजून पाहणारा विरळा. लक्ष्मणराव अशा विरळ्यांपैकी होते, आणि त्यांच्या यशाचे बीज आमच्या मते येथे आहे.

पुढील वृत्तांत थोडक्यात देतो. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. लोखंड, कोळसा, सर्वच माल दुर्मीळ झाला. जे मिळेल त्यावर भागवून कारखान्याने ते दिवस काढले. ज्या नांगरास दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नव्हते त्यास आता गावोगावहून मागणी येऊ लागली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर ह्यांनी कारखान्याची वार्ता देणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, आणि त्याच्या जोडीस ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके आली. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाची अशी सेवा घडावी, हे आश्चर्यच नव्हे काय? लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेत शिकून १९२६ साली परत आले. बापाची विद्या हाताने कमावलेली, मुलाची विद्यापीठात मिळविलेली. दोन्हींचा मिलाफ किर्लोस्करवाडीस झाला. पाण्याचे पंप, उसाचे चरक, तेलावर चालणारी इंजिने असा पसारा वाढत गेला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली.

वृद्धापकाळी लक्ष्मणरावांस एक दारुण आघात सोसावा लागला. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर जे दंगे उसळले त्यांत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावली. अडतीस वर्षांच्या श्रमाचे फळ डोळ्यांदेखत जळाले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

खडकीहून निघून हॅरिस पुलाने मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते, आणि तेथून पिंपरी-चिंचवडचा उद्योगपट्टा सुरू होतो. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग आकुर्डी, भोसरी, चिंचवड असे करीत कारखाने नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचले. ह्या पट्ट्याचे जनकत्व एका मनुष्याकडे देणे योग्य होणार नाही. तरी मराठी मनुष्याने यंत्र उघडून पाहावे, समजून घ्यावे आणि मग स्वतः घडवावे, ही हिंमत ज्यांनी प्रथम दाखविली त्यांत लक्ष्मणरावांचे नाव अग्रभागी राहील. आमच्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील ह्याच पट्ट्यात पाळीवर जातात, आणि त्यांतील पुष्कळांची इच्छा असते की आपल्या मुलाच्या हातास तेल लागू नये. ती इच्छा आम्ही समजू शकतो. पण हातास तेल लागणे आणि कपाळी हलकेपणा येणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता ती लाजेची गोष्ट सांगतो. फाटकापाशी बसलेला तो तरुण नववीच्या वर्गात आमच्याकडे होता. त्याच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा पाने व पेचकस अधिक असत. एके दिवशी तास चालू असता त्याने बाकाखाली सायकलीचा फ्रीव्हील उघडला व त्यातील छर्रे वर्गभर सांडले. आम्ही त्याची हत्यारांची पिशवी जप्त केली आणि सर्व वर्गासमोर त्यास सांगितले की, तुझ्या हातून ह्याहून मोठे काही होणार नाही. पुढे तो शालान्त परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झाला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेला, आणि स्वतःच्या पायावर उभा राहिला. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. पण आम्ही त्याच्याकडे पाहिले ते दुकानदाराच्या दृष्टीने, मोजून पाहणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे. भाग सदोष आहे असे ठरवून आम्ही मोकळे झालो होतो. फळणीकर आमच्या वर्गात असते तर त्यांचीही पिशवी आमच्या कपाटात गेली असती, ह्या विचाराने आम्हांस अस्वस्थ वाटते.

ज्या मुलांस आपल्या सायकलीस असे बिनतारी गिअर बसवावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी त्याने काही सूचना सांगितल्या, त्या येथे नमूद करतो. खटके व डिरेलर एकाच कंपनीचे व एकाच प्रणालीचे घ्यावेत. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाही. डिरेलर जितक्या चक्रांसाठी घडविला असेल तितक्याच चक्रांची कॅसेट व तीस साजेशी साखळी घ्यावी. विकत घेण्यापूर्वी चाकाच्या फ्रीहबवर कोणती कॅसेट बसते ते पाहावे. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील तर ते खनिज तेलाचे आहेत की डॉट ह्या द्रवाचे, हे आधी पाहावे. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबर बिघडते आणि ब्रेक निकामी होतो. हँगर सरळ आहे ना हे सर्वांआधी तपासावे. गिअर विजेचे असले तरी डिरेलरची हद्द ठरविणारे दोन स्क्रू अजून पेचकसानेच फिरवावे लागतात. आणि लांबच्या मजलेस निघण्यापूर्वी बॅटरी भरून घ्यावी, हे सांगावयास नकोच.

त्या दिवशी निरोप घेण्यापूर्वी आम्ही त्यास शिक्षकांच्या खोलीत नेले. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांमागे, ती पिशवी तशीच होती. पान्यांवर गंज चढला होता. त्याने एक पाना अंगठ्याने पुसून पाहिला, गंज वरवरचा आहे असे सांगितले, आणि पिशवी परत आमच्याच हाती दिली. ती शाळेत असू द्यावी, असे त्याचे म्हणणे पडले. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर, ज्या मुलामुलींस इच्छा असेल त्यांनी आपापली सायकल घेऊन झाडाखाली यावे. त्याची सुटी असेल त्या शनिवारी तोही येणार आहे. हत्यारांचा गंज काढण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे.